उभ्या मोटारीचा उच्छ्वास

धावती मोटार धूर ओकते हे शेंबड्या पोरालाही कळते. परंतु इंजिन बंद करून उन्हात निमूट उभी केलेली मोटारही हवा नासवीत असते, ही गोष्ट लॉस एंजेलिस शहराच्या गळी उतरावयास पाव शतकाहून अधिक काळ लागला. १९४३ च्या जुलैत डोळ्यांची आग करणारे धुरके तेथे उतरले, तेव्हा युद्धाचे दिवस असल्याने काहींना शत्रूच्या विषारी वायूचा संशय आला. पुढे दोष कृत्रिम रबराचा कच्चा माल करणाऱ्या एका कारखान्याच्या माथी मारण्यात आला, पण तो बंद ठेवूनही धुरके हटेना. अखेर अननसाच्या सुगंधाचे पृथक्करण करण्यात गढलेले डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी तीच रीत शहराच्या हवेला लाविली, आणि पेट्रोलची बाष्पे व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडून ओझोन निपजतो, हे १९५२ पर्यंत सिद्ध केले. त्या हवेत वाकवून ठेवलेली रबराची पट्टी तडकत असे. किती लवकर तडकते, यावरून ओझोनचे मान ठरे.

त्या काळी टाकीची हवा मोकळी बाहेर जाई आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल तापल्या इंजिनावर उडून जाई. १९७० पासून कॅलिफोर्नियात व पुढील वर्षी साऱ्या अमेरिकेत नव्या मोटारींना याचा बंदोबस्त सक्तीचा झाला. बंदोबस्त कसला, तर कोळशाचा डबा! पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या मुखवट्यांत असे, त्याच जातीचा हा सक्रिय कोळसा. गाडी उभी असता तो बाष्प धरून ठेवतो आणि इंजिन चालू झाले की एक वॉल्व्ह उघडून ते जाळण्यास आत ओढले जाते.

१९९६ पासून तेथे देखरेख गाडीतील संगणकाकडे गेली, आणि मिलिमीटरभर छिद्रानेही दिवा लागू लागला. एवढे छिद्र नाकाने सापडत नाही. मग मिस्त्री खनिज तेल तापवून केलेला पांढरा धूर हलक्या दाबाने नळ्यांत सोडतो व बत्ती घेऊन गाडीखाली शिरतो. पुष्कळदा धुराचा बारीक दोरा निघतो तो टाकीच्या झाकणाच्या तडकलेल्या रबरी वायसरमधून. पुन्हा रबरच!

कोळशाचा खरा वैरी मात्र द्रव पेट्रोल. आपल्याकडेही पंपावर नोझल आपोआप थांबल्यावर रकमेचा आकडा पुरा करण्यासाठी आणखी थोडे रेटण्याची वहिवाट आहे. ते डब्यात उतरले की डबा बहुधा बदलावाच लागतो. पहिला ‘टक्’ आवाज झाला की पंपावरच्या पोऱ्याला हात आवरावयास सांगावे.