लोणारचा खार आणि हिरवे पाणी

मेहकरच्या दक्षिणेस, काळ्या बसाल्टाच्या खडकात सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल असे जे प्रचंड विवर पडले आहे, त्याच्या तळाशी साचलेल्या खाऱ्या पाण्यामुळे लोणारचे नाव पुराणकथांत आणि सरकारी दप्तरांत सारख्याच आस्थेने नोंदले गेले आहे. लवणासुराची कथा आणि दैत्यसूदनाचे देऊळ यांनी भाविकांची सोय केली. पण अकबराच्या कारभाऱ्यांचे लक्ष मात्र काच व साबण यांस लागणाऱ्या पदार्थांकडे आणि त्यांवरील करातून मिळणाऱ्या उत्पन्नाकडे होते, हे वऱ्हाड सुभ्यातील मेहकर सरकारच्या वर्णनात ‘आइन-इ-अकबरी’ने स्पष्टच सांगितले आहे.

हा खार उन्हाळ्यात काढीत. पाणी आटू लागले, की काठ उघडे पडत, आणि मजूर चिखलात उतरून हाताला लागणारे क्षाराचे खडे व पापुद्रे गोळा करीत. त्यांस प्रतीनुसार डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावे होती. धुण्याचे कपडे, बांगडीची काच आणि साबण असा त्याचा प्रवास होई. महसुलाच्या हिशेबात त्या खाराला मोल होते. सरोवराच्या पाण्यावरील गडद हिरव्या रंगाला नव्हते.

वास्तविक हा रंगच तेथील खरी संपत्ती होय. तो स्पिरुलिना नावाच्या, वनस्पतींप्रमाणेच प्रकाशावर जगणाऱ्या अतिसूक्ष्म नील-हरित जीवांचा. वनस्पती सूर्यप्रकाशातच हवा शुद्ध करतात, हे इंगेनहाउझ या शास्त्रज्ञाने 1779 मध्ये दाखविले होते. पुढे 1823 मध्ये अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी लोणारला पोहोचला, तेव्हा हे ज्ञान पाश्चात्त्य जगात जुने झाले होते. पण लोणारविषयी पंडितांचा वाद चालला तो खडकाचाच: ज्वालामुखी की उल्का? आघाताच्या खुणा 1973 मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि उल्कापाताचा पक्ष बळकट झाला. दरम्यान ते हिरवे जीव आपले काम करीतच होते. प्रकाशसंश्लेषणास लागणारा कार्बन त्यांना पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटांतून मुबलक मिळतो. म्हणजे बाजारात विकला गेलेला खार आणि पाण्याचा हिरवेपणा यांचे मूळ एकच आहे.

दिवसा हे जीव प्राणवायू सोडतात. श्वसनाने तो वापरण्याचे काम मात्र तेच, इतर सूक्ष्मजीवांसह, दिवसरात्र करतात, आणि रात्री नवा प्राणवायू तयार होत नाही. मेलेले जीव खाली बसतात, तेथे कुजणे सुरू होते, आणि तळाचा प्राणवायू संपतो. मग गाळात सल्फेटावर श्वसन करणारे आणि मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव राज्य करतात. काठावर उभ्या राहणाऱ्या प्रवाशाला जो कुजक्या अंड्यांचा वास येतो, तो सल्फेटावरील या श्वसनाचाच पुरावा असतो. देवदर्शनाला आलेला माणूस नाक दाबतो, एवढेच. त्या मिथेनावर जगणारे जीवाणूही येथे सापडले आहेत, त्यामुळे एकाचा उच्छ्वास दुसऱ्याचे अन्न ठरते.

2020 च्या जूनमध्ये सरोवर अचानक गुलाबी झाले. वृत्तपत्रांनी चमत्कार म्हटला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातही त्याची चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासल्यावर उत्तर मिळाले, की आटलेल्या, अतिखाऱ्या पाण्यात लाल रंगद्रव्य बाळगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव बळावले होते. हे जीव तयार सेंद्रिय द्रव्यांवर जगतात. म्हणजे हिरव्याने साठविलेले धन गुलाबीने खर्चावे, असा तो प्रकार होता. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

खाराचा व्यापार आता इतिहासजमा झाला आहे. पण गेल्या शतकाच्या तुलनेत पाण्याची क्षारता घटल्याचे अभ्यासक सांगतात. धार नावाच्या आणि इतर झऱ्यांचे गोडे पाणी तळ्यात उतरते, आणि खार पातळ झाला, तर त्यावर पोसलेली ही जीवसृष्टी टिकेल का, हा प्रश्न उरतो. पूर्वी त्या खाराचा हिशेब महसूल खाते ठेवीत असे; आता तो वन खात्याने ठेवावयाचा आहे.