नक्श-ए-जहान मैदान, इस्फहान

इराणच्या इस्फहान शहरातील सतराव्या शतकातला राजचौक. साधारण उत्तर-दक्षिण पसरलेला हा आयत सुमारे ५६० मी. लांब व १६० मी. रुंद आहे, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ नऊ हेक्टर. दादरचे शिवाजी पार्क याहून काहीसे मोठेच भरेल. पण शिवाजी पार्कच्या चारही कडांना एकाच उंचीची, एकाच लयीची दुमजली कमानदार भिंत उभी केली तर या जागेचा थोडाफार अंदाज येईल. नावाचा अर्थ ‘जगाचे चित्र’. राजेशाहीत याला शाह मैदान म्हणत, १९७९ च्या क्रांतीनंतर अधिकृत नाव इमाम मैदान झाले. बोलण्यात मात्र जुनेच नाव टिकून आहे.

सफवी घराण्याचा शाह अब्बास पहिला (कारकीर्द १५८८–१६२९) याने १५९८ च्या सुमारास राजधानी कझवीनहून इस्फहानला हलवली. इस्फहानला त्यापूर्वीही एक मोठा चौक होता. जुम्मा मशिदीजवळच्या त्या जुन्या मैदानाभोवतीच शहराचा व्यापार आणि प्रतिष्ठित घराणी वसलेली होती. शहाने तो चौक पाडला नाही, त्याच्यापासून अंतर राखून दक्षिणेला मोकळ्या बागायती जागेवर नवा चौक आखला आणि बाजाराची छपराखालची लांबलचक वाट दोहोंच्या मध्ये ओढली. गिऱ्हाईक आपोआप नव्या टोकाकडे सरकू लागले. सुरुवातीला मैदान मुख्यतः खेळ आणि संचलनांसाठी होते. १६०२ च्या सुमारास भोवती दुकाने काढून ती व्यापाऱ्यांना देण्यात आली.

मैदानाच्या प्रत्येक बाजूला एकच मोठी वास्तू आहे. पश्चिमेला राजवाड्याचे प्रवेशद्वार अली कापू, पूर्वेला शेख लुत्फुल्ला मशीद, दक्षिणेला शाही मशीद, उत्तरेला कैसरिया बाजाराची वेस. सत्ता, धर्म आणि पैसा एका चौकटीत बसवल्याचे वर्णन बहुतेक पुस्तकांत असते आणि ते खरेही आहे. तरी या वास्तूंपेक्षा मधली रिकामी जागा हाच शहाचा मोठा डाव होता, असे म्हणावेसे वाटते. दिवसा तिथे तंबू ठोकून फेरीवाले बसत, संध्याकाळी गारुडी, डोंबारी, कुस्तीगीर आणि कथेकरी जमत. शहाचा हुकूम सुटला की सारे उचलून जागा साफ होई आणि चौगान, म्हणजे पोलो, सुरू होई. त्या खेळाचे संगमरवरी खांब दोन्ही टोकांना आजही उभे आहेत. मध्यभागी एक उंच डोलकाठी असे. तिच्या टोकावर सोन्याचा पेला ठेवत आणि भरधाव घोड्यावरून मागे वळून स्वार त्यावर बाण सोडत. कैसरियावरच्या नगारखान्यातून सूर्यास्ताला नगारे आणि कर्णे वाजत. पिएत्रो देल्ला वाल्ले या रोमन प्रवाशाने आपल्या पियात्सा नावोनापेक्षाही हा चौक सरस मानला. फ्रेंच जवाहिऱ्या झाँ शार्दँ याने त्याचे बारकाईने वर्णन केले.

अली कापूचा सज्जा अठरा लाकडी खांबांवर उभा आहे. परदेशी वकिलांना घेऊन शहा इथून खेळ पाहत असे. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या संगीत दालनात गिलाव्याच्या पातळ पडद्यांना सुरया, कुपी, वाडगे यांच्या आकाराची छिद्रे कापली आहेत. सूर घुमू नयेत म्हणून ती योजना असल्याचे सांगतात; नुसती शोभा म्हणून पाहिली तरी ती अपूर्वच आहे.

शेख लुत्फुल्ला मशीद (१६०२–१६१९) हे या चौकाचे सर्वांत नाजूक काम. लेबनॉनच्या डोंगराळ भागातून आलेल्या एका शिया विद्वानाच्या नावाची ही मशीद राजघराण्यासाठी होती. म्हणून तिला ना मिनार, ना अंगण. घुमट दरवाज्याच्या रेषेत नाही, एका अंगाला सरकलेला आहे. सरळ आत शिरावे तर समोर भिंत येते. अंधाऱ्या बोळातून डावीकडे, मग उजवीकडे वळावे लागते, कारण चौक आपल्या दिशेने आणि किब्ला नैर्ऋत्येला मक्केकडे. हा तिरकेपणा लपवायचे काम त्या बोळाकडे आहे. बोळ संपतो तेव्हा माणूस थेट घुमटाखाली उभा असतो. वर पिवळसर मातकट भूमीवर लिंबाच्या आकाराची पदके शेंड्याकडे लहान लहान होत जातात, आणि जाळीतून आलेली उन्हाची तिरीप मधल्या नक्षीवर पडली की मोराचा पिसारा उलगडल्यासारखे दिसते. बाहेरून हाच घुमट सकाळी सायीसारखा, सांजेला गुलाबी भासतो.

शाही मशिदीचे काम १६११ मध्ये सुरू झाले. इथेही तोच पेच होता, पण इथे तो लपवलेला नाही: भव्य दरवाजा चौकाकडे तोंड करून उभा आणि त्यामागची सगळी मशीद सुमारे ४५ अंशांत वळलेली, त्यामुळे मैदानातूनच घुमट कडेला सरकलेला दिसतो. वास्तुरचनाकार म्हणून अली अकबर इस्फहानीचे नाव कोरलेले आहे. दरवाज्यावरचा लेख अली रझा अब्बासीचा. दरवाज्यावर फरशीचे कापीव तुकडे एकेक जुळवून नक्षी केली आहे. आत मात्र बहुतेक ठिकाणी ‘हफ्त रंगी’ पद्धत आहे: एकाच चौकोनी फरशीवर सात रंग भरून ती एकदाच भाजायची. काम कितीतरी झपाट्याने होते. शहाला इमारत डोळ्यांदेखत पुरी झालेली हवी होती, हे या फरशांवरून कळते. मुख्य घुमट दुहेरी आहे. दोन कवचांमधल्या पोकळीमुळे बाहेरची उंची पन्नास मीटरच्या वर गेली. घुमटाखाली मध्यावर टाळी वाजवली की तिचे पडसाद उमटतात. पर्यटक रांगा लावून टाळ्या पिटतात.

बाजारात तांबट, मीनाकाम करणारे आणि खातम, म्हणजे लाकूड-हाडांची बारीक जडणी करणारे कारागीर अजून आहेत. ठशांनी छापलेले कलमकार कापडही इथले. ते पाहताना मछलीपट्टणमची कलमकारी आठवल्यावाचून राहत नाही.

या चौकाच्या इतिहासाचा एक धागा गोव्याला पोचतो. गोव्याच्या आर्चबिशपने १६०२ मध्ये ऑगस्टिनियन धर्मगुरू शहाच्या दरबारी धाडले. पुढे इस्फहानला त्यांचा मठ झाला. पोर्तुगीजांशी शहाची मैत्री मात्र फार टिकली नाही. १६२२ मध्ये शहाने इंग्रजांच्या मदतीने पोर्तुगीजांचे होर्मुझ जिंकले आणि तिथल्या तोफा अली कापूसमोर मांडल्या गेल्या. १६२४ मध्ये शहाने शिराझला जॉर्जियाची राणी केतेवान हिला धर्मांतर नाकारल्याबद्दल ठार करवले. तिचे अवशेष याच ऑगस्टिनियन पंथाच्या धर्मगुरूंनी जुन्या गोव्यात नेले. सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मठात ते सापडले आणि २०२१ मध्ये त्यांचा काही भाग भारताने जॉर्जियाला दिला.

१७२२ मध्ये अफगाण वेढ्यात उपासमारीने शहर पडले. राजधानी गेली, कमानींमागची दुकाने ओस पडली. काजार काळात सुभेदार झिल्लुस्सुलतानच्या कारकिर्दीत इस्फहानचे कितीतरी सफवी वाडे पाडले गेले, मैदान वाचले. विसाव्या शतकात पहलवी राजवटीने डागडुजी केली आणि वाळूच्या जागी हौद, कारंजी, हिरवळ आणली. संध्याकाळी चटया अंथरून चहा पिणाऱ्या कुटुंबांची त्यामुळे सोय झाली, पण घोडे दौडायची मोकळी जागा बाग होऊन बसली. अली कापूच्या दुरुस्तीचे इटालियन वास्तुतज्ज्ञ एउजेनियो गाल्दिएरी यांचे काम १९८० मध्ये आगाखान पुरस्काराने गौरवले गेले.

१९७९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या इराणच्या पहिल्या तीन स्थळांत हे मैदान होते. पुढे जवळच ‘जहाननुमा’ हा व्यापारी मनोरा उठला, मैदानातून दिसणारी क्षितिजरेषा बिघडली. युनेस्कोने यादीतील स्थान धोक्यात असल्याचा इशारा दिल्यावर त्याचे वरचे मजले उतरवावे लागले. सध्याची चिंता जमिनीखालची आहे. झायंदेरूद नदी वर्षातला बराच काळ कोरडी असते, भूजलाचा उपसा थांबत नाही आणि इस्फहानच्या परिसरातली जमीन खचते आहे.