भिंत सगळ्यांनाच आत घेते का?
(प्रस्तावना)

मुळशीच्या पाण्याखाली गावं आहेत, हे इथल्या मुलांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. टाटांच्या धरणात शेतं जाणार म्हणून 1921 साली इथले मावळे सत्याग्रहाला उभे राहिले, पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यातून ‘सेनापती’ झाले, आणि तरीही पाणी चढलंच. डोळ्यांना दिसत नाही ते नसतंच असं नाही, हे इथल्या पोरांना निराळं पटवून द्यावं लागत नाही. पौडला काही मुलांबरोबर मी ‘हॅरी पॉटर आणि परीस’ वाचायला घेतलं. स्टेशनातल्या भिंतीत शिरून पलीकडच्या फलाटावर निघण्याचा प्रसंग आला, तेव्हा ‘असं कसं होईल?’ असं एकानंही विचारलं नाही. प्रश्न आला तो असा: ‘भिंत सगळ्यांनाच आत घेते का?’

या अभ्यासपुस्तिकेत पुढं जे काही आहे, ते त्या प्रश्नातून निघालं आहे. अद्भुत म्हणजे वाटेल ते घडण्याची मोकळीक, असं मोठी माणसं धरून चालतात. मुलं तसं धरत नाहीत. जादूची अट काय, ती कोणाला लागू, मोडली तर काय होतं, हे ती आधी विचारतात. आपली परंपरा त्यांच्याच बाजूची आहे. आटपाट नगरातल्या कहाणीत देव प्रसन्न होतो तो वसा पाळणाऱ्यावर. वसा टाकला की भरल्या घरातलं वैभव ओसरतं. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ दोन्हीकडून कोंडी करतो: उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, बोललास तर मी झाडावर परत. राजा जवळजवळ प्रत्येक वेळी बोलतो आणि पुन्हा झाडाकडे चालू लागतो. त्याची न्यायबुद्धी आणि त्याची चिकाटी, दोन्ही त्या एका अटीमुळे आपल्याला दिसतात. अद्भुत कादंबरीतली आशयसूत्रं शोधायची तर मी म्हणेन, आधी अट शोधा.

आता परीस घ्या. जे. के. रोलिंग यांची ही कादंबरी 1997 साली इंग्लंडमध्ये आली. अमेरिकेतल्या प्रकाशकानं पुढच्या वर्षी तिच्या इंग्रजी नावातला तत्त्वज्ञ काढून तिथं जादूगार बसवला. मराठीत मात्र ‘परीस’ हा शब्द वाट पाहत असल्यासारखा तयार होता. लोखंडाचं सोनं करणारा हा दगड संतांनी सत्संगासाठी, गुरूसाठी इतक्या वेळा वापरला आहे की मराठी वाचक नाव वाचूनच थोडा पुढं गेलेला असतो. कादंबरीतला परीस सोनं करतो आणि आयुष्यही वाढवतो. तो ज्याच्या नावावर आहे तो निकोलस फ्लामेल पॅरिसमध्ये खरोखर होऊन गेलेला लेखनिक. 1418 मध्ये तो वारला. पण हा दगड शेवटी मिळतो कोणाला? ज्याला तो सापडायला हवा आहे, पण वापरायचा नाही, त्याला. परीस एका आरशात लपवलेला आहे. परिसाच्या मागावर असलेला क्विरेल त्या आरशासमोर उभा राहतो आणि स्वतःला परीस धन्याच्या हाती देताना पाहतो. हात रिकामाच राहतो. हॅरीच्या खिशात तो आपसूक येऊन पडतो. निरिच्छेवर कितीतरी प्रवचनं ऐकून जे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, ते या एका अटीनं माझ्यापुढं ठेवलं, हे मला मोकळेपणानं सांगायला हवं.

जंगलाचं प्रकरण मुळशीत वाचावं. विद्यार्थ्यांना बंदी असलेल्या रानात एकशिंगी घोडा मरून पडला आहे आणि कोणी त्याचं रक्त पितं आहे. त्या रक्तानं मरणाच्या दारातला माणूसही जगतो, पण ते जगणं अर्धं, शापाचं. ‘अर्धं जगणं म्हणजे काय?’ हे समजावायची तयारी करून मी गेलो होतो. ती वाया गेली. सह्याद्रीच्या पुष्कळ देवरायांत वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही अशी रीत होती; माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात या राया अभ्यासल्या, तेव्हा त्या रीतीमुळं टिकलेलं रान त्यांना दिसलं. देवाच्या रानातलं घेतलेलं पचत नाही, हे ज्यानं आजीकडून ऐकलं आहे त्याला त्या घोड्याचं रक्त उलगडून सांगावं लागत नाही. ताम्हिणीकडच्या मुलांनी ते हिंजवडीच्या सोसायटीतून येणाऱ्या मुलांना सांगितलं, मी ऐकत बसलो. एकाच तालुक्यातली ही मुलं एरवी एकमेकांशी कितीशी बोलतात?

पात्रांबद्दल थोडं सावधपणे बोलायला हवं. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी 1928 मध्ये परीकथांतली पात्रं त्यांच्या कामावरून ओळखली: नायक, खलनायक, दान देणारा, साहाय्यक. ही पद्धत लोककथेला चपखल बसते, आणि हॅरीच्या मदतीला येणाऱ्या हॅग्रिडलाही बरीचशी. नेव्हिल तिच्यात मावत नाही. हा विसराळू, भित्रा मुलगा मित्रांची वाट अडवून उभा राहतो, त्यांच्याकडून पराभूत होतो, आणि वर्षाअखेर त्याचे दहा गुण बरोबरीत अडकलेला चषक फिरवतात. त्यानं कथेला मदत केली की अडथळा आणला? दोन्ही. कादंबरी लोककथेपासून वेगळी होते ती इथं, म्हणून पात्रांवरच्या भागात हॅरीपेक्षा नेव्हिलला जास्त पानं दिली आहेत.

मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणलेल्या अरबी गोष्टी आहेत, ‘चांदोबा’ आहे, रत्नाकर मतकरींच्या नाटकातली चेटकीण आहे. मुलांसाठी दीर्घ अद्भुत कादंबरी मात्र आपण कमी लिहिली. साहसकथा पुष्कळ लिहिली. म्हणून इथं अनुवाद घेतला आहे. मूळ मराठी अद्भुत कादंबऱ्यांसाठी अशीच पुस्तिका करावी, ही इच्छा मनात आहे.

पहिल्या वाचनात हातात पेन्सिल घेऊ नका. दुसऱ्या वेळी वहीच्या डाव्या पानावर अटी लिहा, उजव्या पानावर त्या कोणी पाळल्या, कोणी मोडल्या, कशासाठी. बाराव्या प्रकरणाशी आलात की जरा थांबा. त्या आरशात मनातली सगळ्यांत खोल इच्छा दिसते. हॅरीला त्यात आईवडील दिसतात. त्याच्या मित्राला, रॉनला, काय दिसलं ते मुलांना विचारा, खुशाल वाद घाला. तुम्हाला काय दिसेल, हे मात्र वर्गात विचारू नका. ज्याला सांगायचं असतं तो आपणहून सांगतो, बहुतेक वेळा सगळे गेल्यावर, दारात चपला घालताना.