चेचन्या ते युक्रेन : रशियातील शासननियंत्रित दूरचित्रवाणी आणि युद्धकालीन जनमत

प्रस्तावना :
युद्ध रणांगणावर लढले जाते. परंतु ते चालू ठेवण्यासाठी लागणारी लोकसंमती घराघरांत घडविली जाते. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरच्या रशियात हे कार्य प्रामुख्याने दूरचित्रवाणीने केले. प्रस्तुत लेखात तीन युद्धांच्या आधारे शासननियंत्रित माध्यमे व जनमत यांच्या परस्परसंबंधाचा विचार केला आहे.

पहिले चेचन युद्ध (१९९४-१९९६) :
डिसेंबर १९९४ मध्ये रशियन सैन्य चेचन्यात शिरले, तेव्हा व्लादिमीर गुसिन्स्की यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेली एनटीव्ही ही खासगी वाहिनी कार्यरत होती. उद्ध्वस्त ग्रोझ्नी शहर, मृत सैनिक आणि बेघर नागरिक यांची दृश्ये तिने प्रेक्षकांपुढे आणली. त्यामुळे सरकारी निवेदने लोकांना स्वतः पडताळून पाहता आली व जनमत युद्धाच्या विरोधात गेले. १९९६ च्या प्रारंभी निझनी नोव्हगोरोदचे राज्यपाल बोरिस नेम्त्सोव यांनी सुमारे दहा लाख युद्धविरोधी स्वाक्षऱ्या अध्यक्ष येल्त्सिन यांना सादर केल्या. ऑगस्ट १९९६ मध्ये खासाव्युर्त करार झाला. अर्थात, एनटीव्ही सर्वस्वी निःपक्षपाती नव्हती. त्याच वर्षीच्या निवडणुकीत तिने येल्त्सिन यांना साथ दिली.

दुसरे चेचन युद्ध आणि माध्यमांवरील ताबा :
सप्टेंबर १९९९ मधील निवासी इमारतींतील स्फोटांमुळे रशियन समाज भयभीत झाला होता. त्यानंतरच्या युद्धाला शासनाने ‘दहशतवादविरोधी मोहीम’ असे नाव दिले आणि वार्ताहरांच्या प्रवेशावर निर्बंध घातले. ऑगस्ट २००० मध्ये कुर्स्क पाणबुडी बुडून ११८ जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी वाहिन्यांनी केलेली टीका शासनाला झोंबली. एप्रिल २००१ मध्ये शासनाचे वर्चस्व असलेल्या गॅझप्रॉम कंपनीने एनटीव्हीचा ताबा घेतला. आना पोलित्कोव्स्काया ‘नोवाया गझेता’त चेचन्यातील अत्याचारांविषयी लिहीत राहिल्या, पण दूरचित्रवाणीच्या तुलनेत या वृत्तपत्राचा वाचकवर्ग मर्यादित होता. ऑक्टोबर २००६ मध्ये त्यांची हत्या झाली.

युक्रेन युद्ध (२०२२) :
२४ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या आक्रमणास ‘विशेष लष्करी कारवाई’ म्हणण्यात आले. ४ मार्चच्या कायद्याने सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरविण्यास १५ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. ‘एको मॉस्कवी’ हे नभोवाणी केंद्र बंद पडले, तर ‘दोझ्द’ वाहिनीने देशातील प्रसारण थांबविले. मार्च २०२२ मधील लेवाडा सेंटरच्या पाहणीत ८१ टक्के उत्तरदात्यांनी सैन्याच्या कृतीस पाठिंबा दर्शविला. मात्र जेथे विरोधी उत्तर देणेच धोक्याचे वाटते, तेथे अशा आकड्यांत श्रद्धा किती, भीती किती व उदासीनता किती, हे वेगळे करणे कठीण असते. सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख राखीव सैनिकांच्या भरतीची घोषणा होताच समाजातील चिंता झपाट्याने वाढली व असंख्य तरुणांनी देश सोडला. त्या काळातही वाहिन्यांवरून युद्धाचे समर्थन चालूच होते.

समारोप :
शासननियंत्रित माध्यमांचे खरे सामर्थ्य लोकांना असत्य पटवून देण्यापेक्षा सत्य पडताळण्याचे साधन हिरावून घेण्यात आहे, असे या तीन युद्धांच्या तुलनेवरून दिसते. युद्ध दूर असेपर्यंत पडदा हाच नागरिकांचा अनुभव ठरतो. युद्ध स्वतःच्या उंबरठ्याशी आले की त्या पडद्याची मर्यादा उघड होते. परंतु तोपर्यंत विरोध व्यक्त करण्याची व्यासपीठे नष्ट झालेली असतात.