सिसेरोचा रिफंड

हेरगिरीवरची पुस्तकं वाचायची मला कॉलेजपासून सवय आहे. कादंबऱ्या नव्हेत, खऱ्या हेरांच्या हकिगती. चार-पाच पुस्तकं झाली की एक गोष्ट लक्षात येते. सिनेमातला हेर पिस्तूल घेऊन गच्चीवरून पळत असतो, आणि खरा हेर बिचारा "या महिन्याचे पैसे कधी मिळणार?" या चिंतेत असतो. तुमच्या-आमच्यासारखाच!

पण मिळालेले पैसेच खोटे निघाले तर? आणि त्याची भरपाई हेराने सरकारकडे मागितली तर? असा एक माणूस खरंच होऊन गेला. त्याचं नाव एल्येसा बाझना, टोपणनाव 'सिसेरो'.

बाझनाचा जन्म १९०४ चा, प्रिश्टिनाचा. १९४३ मध्ये तो तुर्कस्तानात अंकारा इथे ब्रिटिश राजदूत सर ह्यू नॅचबुल-ह्यूगेसन यांच्याकडे खाजगी नोकर म्हणून लागला. साहेबांचे कपडे इस्त्री करायचे, आंघोळीचं पाणी काढायचं, असली कामं. महायुद्ध ऐन भरात होतं आणि तुर्कस्तान तटस्थ, त्यामुळे अंकारात ब्रिटिश आणि जर्मन दोन्ही वकिलाती सुखाने नांदत होत्या. राजदूतसाहेबांना गुप्त कागद घरी आणून वाचायची सवय होती. (वर्क फ्रॉम होमचे धोके तेव्हाही होतेच म्हणायचे.) बाझनाने चाव्यांचे मेणात ठसे घेतले, डुप्लिकेट चाव्या करून घेतल्या आणि साहेब नसताना कागदांचे फोटो काढायला लागला.

ऑक्टोबर १९४३ च्या अखेरीस तो जर्मन वकिलातीत जाऊन उभा राहिला. पहिल्या दोन फिल्म रोलचे वीस हजार पौंड, रोख. उधारी नाही. तिथला अधिकारी मोयझिश याला आधी ही थापच वाटली, पण बर्लिनहून पैसे मंजूर झाले. फिल्म धुतल्यावर राजदूत फॉन पापेन चाट पडले. कागद इतके 'बोलके' होते की त्यांनी या माणसाला रोमन वक्त्याचं नाव दिलं, सिसेरो. मॉस्को, कैरो आणि तेहरानच्या बैठकांमधली चर्चा त्यात होती. 'ओव्हरलॉर्ड' हा शब्दही जर्मनांना त्यात दिसला. नॉर्मंडीच्या स्वारीचं हे सांकेतिक नाव. जागा आणि तारीख मात्र कळली नाही.

आता गंमत बघा. एवढा अस्सल माल, पण गिऱ्हाइकाचाच त्यावर विश्वास नाही! परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपला हा ब्रिटिशांनी लावलेला सापळा वाटत होता. त्याचं खातं आणि एसएसचं गुप्तहेर खातं यांच्यात विस्तव जात नव्हता. या भांडणात त्या कागदांचा म्हणावा तसा उपयोग झालाच नाही.

एप्रिल १९४४ मध्ये मोयझिशची सेक्रेटरी कोर्नेलिया काप अमेरिकनांकडे पळून गेली. ती आधीपासूनच त्यांच्यासाठी काम करत होती. बाझनाने धोका ओळखला, नोकरी सोडली आणि साळसूदपणे बाहेर पडला. पकडला कधीच गेला नाही. राजदूतसाहेबांना नंतर समज मिळाली, पण त्याआधीच ते बेल्जियमला राजदूत म्हणून रवाना झाले होते. असो.

तोवर बाझनाकडे सुमारे तीन लाख पौंड जमले होते. त्या काळात ही रक्कम म्हणजे सात पिढ्यांची बेगमी. युद्ध संपल्यावर त्याने भागीदार घेऊन बुर्सा या गावी मोठं हॉटेल बांधायला काढलं. नोटा बाजारात फिरल्या, बँकांमधून फिरत लंडनला पोचल्या आणि तिथून निरोप आला - या नोटा खोट्या आहेत! थोड्याथोडक्या नव्हेत, जवळजवळ सगळ्याच. हॉटेल बुडालं, देणेकरी मागे लागले.

इथे माझी स्वतःची छोटी हकिगत सांगतो, कारण त्यामुळेच मी या प्रकरणात इतका शिरलो.

सिसेरोवरचं एक पुस्तक मी एका ऑनलाइन दुकानातून मागवलं होतं, ८४९ रुपयांना. आलं ते चक्क पायरेटेड! छपाई तिरकी, फोटोंच्या जागी काळे डाग, मधली सोळा पानं गायब. खोट्या नोटांवरच्या पुस्तकाची खोटी प्रत, म्हणजे कमालच. ॲपमध्ये 'परत करा' दाबलं तर कारणांच्या यादीत पर्याय तीन: वस्तू खराब, चुकीची वस्तू, साइझ बसत नाही. 'वस्तू खोटी आहे' असा पर्यायच नाही! ज्यांनी आयुष्यात कोड लिहिलाय त्यांना यातली मेख लगेच कळेल. जी अवस्था सिस्टिममध्ये नाही, ती सिस्टिमच्या लेखी घडतच नाही. 'वस्तू खराब' निवडलं. न्यायला आलेल्या मुलाने मुखपृष्ठ मोबाइलवरच्या फोटोशी ताडून पाहिलं आणि म्हणाला, "सर, सेमच आहे ना. मी नाही घेऊ शकत." त्याचा तरी काय दोष? त्याच्या स्क्रीनवर तेवढंच विचारलं होतं. संध्याकाळी मेसेज हजर: आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे.

मग मी फोनवर आरडाओरडा करणं सोडून कागद जमवायला घेतले. ऑर्डर नंबर, बिल, पानांचे फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट, तारीखवार. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा दुकानाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. त्या अधिकाऱ्याला नियमाचा उल्लेख करून मेल टाकली, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. तेविसाव्या दिवशी पैसे खात्यात. पुस्तक परत न्यायला कुणी आलं नाही ते नाहीच.

हे सगळं चालू असताना मी उरलेली पानं वाचत होतो, आणि राहून राहून वाटत होतं की बाझनाची आणि माझी केस किती सारखी आहे आणि किती वेगळी! मी खरे पैसे देऊन खोटा माल घेतला, त्याने खरा माल देऊन खोटे पैसे घेतले. पण माझ्याकडे ऑर्डर नंबर होता. त्याच्याकडे काय? पावती नाही, करार नाही, आणि ज्या कंपनीशी व्यवहार केला ती कंपनीच १९४५ मध्ये बुडालेली. त्याने पश्चिम जर्मन सरकारकडे दाद मागितली. म्हणजे बघा, "मी माझ्या मालकाच्या घरी चोरी केली, चोरीचा माल तुमच्या आधीच्या सरकारला विकला, त्यांनी मला फसवलं, तरी भरपाई मिळावी." अर्थात काही मिळालं नाही. तक्रार हाच गुन्ह्याचा कबुलीजबाब असेल तर ती घेऊन जायचं कुठे?

बरं, खोटी नोट सरकारजमा होते, बदलून मिळत नाही, हा जगभरचा रिवाज. आपल्या बँकेतही खोटी नोट सापडली तर त्यावर तसा शिक्का मारून ती जप्त करतात. पोच देतात, पैसे नाही. शेवटी ज्याच्या हातात नोट असते त्याचं नुकसान.

१९५२ मध्ये या प्रकरणावर 'फाइव्ह फिंगर्स' हा सिनेमाही आला, १९६२ मध्ये बाझनाने आठवणी लिहिल्या. १९७० मध्ये तो म्युनिकमध्ये वारला.

वाचताना बाझनाची कीव येते, हे कबूल. पण मग त्या नोटा कुठून आल्या हे वाचलं, आणि कीव जरा बाजूला राहिली.

त्या नोटा छापल्या बर्लिनजवळच्या झाक्सेनहाउझन छळछावणीत. एसएसचा मेजर बर्नहार्ड क्रुगर याच्या नावावरून मोहिमेचं नाव ऑपरेशन बर्नहार्ड. कामाला सुमारे १४० ज्यू कैदी, वेगवेगळ्या छावण्यांमधून हुडकून आणलेले मुद्रक, कोरीवकाम करणारे, बँकेत काम केलेले. सुमारे १३ कोटी पौंडांच्या नोटा छापल्या गेल्या. कोरी नोट संशयास्पद दिसते, म्हणून कैदी रांगेत उभे राहून नोटा हातोहात फिरवायचे, घड्या घालायचे, म्हणजे घाम आणि मळ लागून त्या जुन्या दिसाव्यात. ब्रिटिश बँकांत नोटा टाचणीने जोडायची पद्धत, म्हणून टाचणीची भोकंसुद्धा पाडायची. काम संपलं की आपल्यालाही संपवणार, हे त्यांना माहीत होतं. म्हणून डॉलरच्या नोटांचं काम त्यांच्यातल्या काहींनी मुद्दाम रेंगाळत ठेवलं.

त्यांच्यात आडोल्फ बर्गर नावाचा स्लोव्हाक मुद्रक होता. ज्यू लोकांना वाचवण्यासाठी त्याने बाप्तिस्म्याचे खोटे दाखले छापले होते, म्हणून त्याला पकडलं. जीव वाचवणारे खोटे कागद छापल्याबद्दल छळछावणी, आणि तिथे काम काय, तर खोट्या नोटा छापायचं. त्याची बायको ऑशविट्झमध्ये मारली गेली. ६ मे १९४५ ला ऑस्ट्रियात एबेन्झेच्या छावणीत अमेरिकन सैन्य पोचलं तेव्हा हे कैदी सुटले. बर्गरने आठवणी लिहिल्या, त्यांच्यावरून केलेल्या 'डी फेल्शर' या सिनेमाला २००८ मध्ये ऑस्कर मिळालं, आणि तो २०१६ पर्यंत जगला.

उरलेल्या नोटांच्या पेट्या जर्मनांनी ऑस्ट्रियातल्या टोप्लिट्झ तलावात बुडवल्या, १९५९ मध्ये पाणबुड्यांनी त्यातल्या काही वर काढल्या. बँक ऑफ इंग्लंडने तर १९४३ मध्येच मोठ्या नोटा काढणं थांबवलं होतं. दहा पौंडाची नोट पुन्हा यायला १९६४ उजाडलं.

आणि आता? आता संग्राहक या खोट्या नोटा खरे पैसे मोजून विकत घेतात. बाझनाने त्याची बंडलं जपून ठेवली असती तर नातवंडांना थोडाफार रिफंड मिळाला असता. पण त्या नोटा ज्यांनी मरणाच्या भीतीने हातोहात फिरवून मळवल्या, त्यांच्या मजुरीचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं? त्या नोटेचा फोटो पाहिला की मला आता सिसेरोआधी ती कैद्यांची रांग आठवते.