पुनर्भेटीचे अंतर आणि बीड जिल्ह्याची नोंद

आजचा बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात मोडत असताना, १८८१ साली त्या संस्थानाची पहिली शिरगणती झाली. पुढे दर दहा वर्षांनी गणक घरोघर जाऊ लागला. महसुली दप्तराची रीत मात्र निराळी होती. पीक हंगामागणिक पालटते, म्हणून शेताची पाहणीही हंगामागणिक होई. संस्थानी दप्तरात तिच्या नोंदीस पहाणीपत्रक म्हणत. पुढे तिचे स्थान गाव नमुना बाराने घेतले. एकाच गावाकडे पुन्हा केव्हा जावे, या प्रश्नाची ही दोन उत्तरे होत.

इंटरनेटवरील पाने वाचून त्यांची सूची ठेवणाऱ्या वेब क्रॉलर या यंत्रणेपुढे हाच प्रश्न उभा राहिला. जुंगहू चो व हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी २००० सालच्या सुमारास त्याचा गणिती विचार केला. बदलाच्या प्रमाणात भेटी वाढविण्यापेक्षा सर्व पानांना समान अंतराने भेट देणे सरासरीने अधिक हितावह ठरते, असे त्यांनी दाखविले. कारण क्षणोक्षणी पालटणाऱ्या पानामागे धावणे बहुधा व्यर्थ जाते. दुसरी गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकास अधिक महत्त्वाची आहे. भेटीस आलेल्यास पान बदलले एवढेच कळते, किती वेळा बदलले हे कळत नाही. साहजिकच बदलाचा वेग प्रत्यक्षाहून कमी भासतो.

बीडच्या नोंदीत या दोषाची दोन रूपे आढळतात. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ८९४ होती. २०११ मध्ये ती ८०७ झाली. ही घसरण कोणत्या वर्षी सुरू झाली व कोणत्या वर्षी तीव्र झाली, हे त्या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. दुसरे रूप ऊसतोड कामगारांचे. दिवाळीच्या सुमारास गाव सोडून ते चैत्राच्या आसपास परततात. २००१ व २०११ या दोन्ही जनगणना फेब्रुवारीत झाल्या. गणनेच्या काळात सतत गैरहजर असणारा माणूस जेथे आढळेल तेथे मोजला जातो. गाव दरवर्षी रिते होते व पुन्हा भरते. परंतु एकाच ऋतूत येणाऱ्या गणकास ते दोन्ही वेळा सारखेच दिसते.

२०२१ ची जनगणना झाली नाही; पुढील गणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. म्हणजे अंतर सोळा वर्षांचे झाले, ऋतू मात्र तोच राहिला. उलट, २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच आपल्या पिकाची नोंद करू लागला. जन्मनोंदणीचे तत्त्वही हेच आहे : घटनेने आपली वार्ता आपण द्यावी, भेटीची वाट पाहू नये.

तात्पर्य, कोणताही आकडा वाचताना तो केव्हा घेतला एवढेच पाहणे पुरेसे नाही. त्यापूर्वीची भेट केव्हा व कोणत्या ऋतूत झाली होती, हेही पाहिले पाहिजे. दप्तरात बदल न दिसणे हा बदल न झाल्याचा पुरावा नव्हे.