अंगणातली शाळा

२०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा माझी नात साडेचार वर्षांची होती. मोबाइलवर तिच्या बाई फळांची नावं म्हणायच्या आणि ही टेबलाखाली जाऊन बसायची. सुनेला घोर लागला. "अब्बा, हिचं वर्ष वाया जाणार," असं ती रोज म्हणे. इकडे पोरीनं खडूनं बैठकीची अख्खी भिंत रंगवून ठेवली होती.

लहान मुलांच्या शिक्षणाचा एक मोठा अध्याय अशाच खराब झालेल्या भिंतींपासून सुरू झाला, हे त्या दिवसांत मला फार आठवायचं. रोम शहरात सॅन लोरेंझो नावाची गरिबांची वस्ती होती. तिथल्या पडीक इमारती दुरुस्त करून कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या. आईबाप कामावर गेले, की मागे राहिलेली लहानगी दिवसभर जिन्यांतून हुंदडायची आणि नव्या भिंतींची वाट लावायची. भिंती वाचाव्यात म्हणून मालकांनी त्याच इमारतीतली एक खोली दिली आणि डॉ. मारिया माँटेसरी यांना बोलावलं. ६ जानेवारी १९०७ रोजी त्या खोलीत पन्नासेक मुलं जमली. तिला नाव दिलं ते 'मुलांचं घर'. शाळा नव्हे, घर! मुलांच्या हातात ठोकळे आले, बटणं लावण्याच्या चौकटी आल्या, पॉलिश पेपरची खरखरीत अक्षरं आली. अक्षरावरून बोट फिरवायचं, आधी हाताला कळू द्यायचं, मग डोळ्यांना.

बोटानं अक्षर गिरवणं आपल्याला नवं नव्हतं. पंतोजींच्या शाळेत फळ्यावर धूळ पसरून मुलं धुळाक्षरं काढत. आमच्यात मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं, की त्याची बिस्मिल्ला होते. मग मुलतानी मातीनं सारवलेली तख्ती आणि बोरू. पण धूळपाटी असो की तख्ती, शेजारी छडी असायचीच. माँटेसरीबाईंनी छडी तेवढी काढून टाकली, असं मी गमतीनं म्हणतो.

हा विचार आपल्याकडे रुजवला गिजुभाई बधेकांनी. वकिली सोडून ते मुलांत आले आणि १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेचं बालमंदिर त्यांनी सुरू केलं. लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणत, मिशीवाली आई. परीकथा लहान मुलांना लवकर नकोत, असं माँटेसरीबाईंचं मत. गिजुभाईंनी मात्र गोष्टी भरभरून सांगितल्या, आणि माझं मत या बाबतीत गिजुभाईंच्या बाजूनं आहे. १९२३ साली त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार.

पण ती साधनं महाग होती. सुताराकडून नेमक्या मापात करून घ्यायची आणि कपाटात मांडून ठेवायची. शहरातल्या बऱ्या घरांना ते जमत होतं. खेड्याचं काय? या प्रश्नापायी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, ताराबाई बोर्डीला गेल्या. बरोबर अनुताई वाघ होत्या, बालपणीच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीनं शिकलेल्या. दोघींनी बालवाडी काढली, पण दलित वस्तीतली मुलं तिकडे फिरकेनात. तेव्हा या दोघींनी शाळाच उचलून वस्तीत नेली आणि एखाद्या घरापुढच्या अंगणात मांडली. पहिला धडा आंघोळीचा. नखं कापायची, केस विंचरायचे. मग पानं, बिया, खडे, किनाऱ्यावरचे शंखशिंपले. लहानमोठे निवडा, रंगानं लावा, मोजा. माँटेसरीचे ठोकळे जे शिकवत, तेच शिंपल्यांनी शिकवलं, आणि शिंपल्यांना पैसे पडत नव्हते. 'अंगणवाडी' हा शब्द असा त्या अंगणातून आला. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा गुरं राखणाऱ्या वारली पोरांसाठी शाळा कुरणातही भरली. तिचं नाव कुरणशाळा.

ताराबाई १९७३ साली गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी हे सारं त्यात आलं आणि ते हवंच होतं. उपाशी मूल काय मोजणार? शिंपल्यांचं काम मात्र यादीत शेवटी गेलं. मी पाहिलेल्या एका अंगणवाडीत ताईंचा अर्धा दिवस वह्या भरण्यात जायचा. भाड्याच्या त्या खोलीला अंगणही नव्हतं.

तर, आमच्या घरी. माझी अम्मी कधी शाळेत गेली नाही. टाळेबंदीत एका दुपारी तिनं ताटात मसूर, हरभरा, राजमा एकत्र केला आणि नातीपुढे सरकवला. टेबलाखालची पोरगी तासभर जागची हलली नाही. सून म्हणाली, "हा काय अभ्यास झाला?" मग मी रोम, बोर्डी, सगळं सांगितलं. माँटेसरीचं नाव ऐकल्यावर तिला पटलं. अम्मीच्या ताटाला मान मिळायला रोमपर्यंत जावं लागलं, याचं मला थोडं वाईट वाटलं, आणि ते मी अम्मीला बोलून दाखवलं.

अम्मी हसली नाही. म्हणाली, "मेरे कू भी यहीच चुनने बिठाए थे. स्कूल कू नै भेजे."

मी गप्प झालो. मघापासून मी ज्या ताटाचं कौतुक करत होतो, त्याच ताटापायी तिची शाळा हुकली होती. तिच्या लहानपणी ते काम होतं. 'बस' म्हणण्याची मुभा नातीला होती, तिला नव्हती. बोर्डीच्या अंगणात अनुताईंना भेटलेल्या मुली अम्मीच्या आधीच्या, पण तशाच असणार, कडेवर भावंड आणि हाताला काम असलेल्या.

त्यानंतर दुपारी ताटं दोन लागू लागली. नातीच्या पाटीवरची अक्षरं सुनेनं ताटात रवा पसरून त्यात काढून द्यायची, आणि पणजी-पणतीनं बोटानं गिरवायची. बकरी ईदपर्यंत दोघी 'अ' ते 'अः' काढू लागल्या होत्या. अम्मीचा 'ऋ' शेवटपर्यंत उलटाच राहिला. रवा चाळून ठेवलेला असे, संध्याकाळी त्याचा शिरा व्हायचा.